इंजिन गेलं की फक्त एक व्हॉल्व्ह? आमच्या पद्मिनीच्या कॉम्प्रेशनची गोष्ट

(ऑडिओ भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. आकडे आणि क्रम लिहून घ्यायचे असतील तर इथून घ्या. बोनेटमध्ये डोकं घालून ऑडिओ मागे-पुढे करणं काही जमत नाही!)

हेडफोन लावलेत? चला मग.

आज कोडिंग नाही, आज गाडी. आणि गाडी म्हणजे आपल्या वयाच्या बहुतेकांनी फक्त जुन्या सिनेमात पाहिलेली. प्रीमियर पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवते ना? तीच. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने बनायला लागली, १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं आणि २००१ च्या सुमारास बनणं थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून ती टॅक्सी म्हणून गेली.

पण आमच्या गोरेगावात एक अजून आहे. थांबा, मुंबईचं गोरेगाव नाही हं! गोंदिया जिल्ह्यातलं. इथे फिल्मसिटी नाही, धानाच्या बांध्या आहेत. गाडी आहे मोठ्या बाबांची, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची. १९८४ चं मॉडेल, त्यांनी नागपूरहून सेकंडहँड आणलेलं. तेव्हा गोंदिया जिल्हासुद्धा नव्हता, आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो. माझ्या आई-बाबांची वरात याच गाडीतून आली.

तर झालं असं. मागच्या उन्हाळ्यात गाडी मिसिंग मारायला लागली. उभी असताना थरथरायची, स्टेअरिंग हलायचं, चढावर दम तोडायची. सायलेन्सरमधून एका तालात आवाज यायच्या ऐवजी फट... फट-फट... फट असा. एका गॅरेजवाल्याने पाच मिनिटं पाहिलं, सकाळी निघणारा निळा धूर पाहिला आणि सांगून टाकलं, "कॉम्प्रेशन नाही. रिंगा गेल्या. बोअर करावं लागेल. पन्नास-साठ हजार धरा." वर हेही म्हणाला की एवढ्या पैशात काय करता, भंगारात द्या.

आरसीचं नूतनीकरण तोंडावर आलेलं. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं, आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. मोठ्या बाबांनी भंगारवाल्याला रविवारी बोलावलंसुद्धा. मी शुक्रवारी रात्री पुण्याहून पोचलो. म्हणजे हातात एक शनिवार.

मी बीटेक, पण कॉम्प्युटरवाला. इंजिनातलं मला यूट्यूबपुरतंच कळतं. पण एक गोष्ट कामामुळे अंगात मुरली आहे. सर्व्हर स्लो झाला म्हणून कोणी लगेच सर्व्हर बदलत नाही. आधी लॉग बघतो, मोजतो, कुठे अडलंय ते शोधतो. इथे कोणी काही मोजलंच नव्हतं! "कॉम्प्रेशन नाही" हे वाक्य होतं, आकडा नव्हता.

आजच्या भागाचा मुद्दा एवढाच आहे. कॉम्प्रेशन कमी असणं हा आजार नाही, ते लक्षण आहे. ताप असतो ना, तसं. ताप किती, हे आधी मोजायचं. आणि मग तो कशामुळे, हे शोधायचं.

कॉम्प्रेशन म्हणजे काय, अगदी थोडक्यात

सायकलचा पंप घ्या. तोंडावर बोट दाबा आणि दांडा आत ढकला. बोटावर दाब जाणवतो ना? तेच कॉम्प्रेशन. पद्मिनीच्या इंजिनात असे चार पंप आहेत. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, चौघांचे मिळून १०८९ सीसी. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आत येतं, पिस्टन ते दाबतो, प्लग ठिणगी टाकतो, भडका उडतो. नीट दाबलं नाही तर भडका दुबळा. चारांतला एक दुबळा पडला की उरलेले तीन त्याला ओढतात, आणि म्हणून गाडी लंगडते.

आता पंपातून हवा कुठून निसटू शकते? जागा तीनच. एक, पिस्टनच्या बाजूने, म्हणजे रिंगा किंवा बोअर झिजलेले. दोन, वरच्या व्हॉल्व्हमधून, म्हणजे इनलेट किंवा एक्झॉस्ट नीट बसत नाही. तीन, हेड आणि ब्लॉकच्या मधल्या गॅस्केटमधून. पुढचं सगळं काम म्हणजे या तिघांपैकी चोर कोण ते पकडणं.

पायरी पहिली : कोणता सिलेंडर झोपलाय?

शनिवारी सकाळी मी गावातल्या जुन्या मिस्त्रींना गाठलं. सत्तरीचे आहेत, आता फक्त ट्रॅक्टरचं किरकोळ काम करतात. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काऊन घाई करून राहिले बे? आधी पाहून तं घेऊ."

त्यांनी पहिल्यांदा कॉम्प्रेशनला हातच लावला नाही. प्लग काढून पाहिले, डेल्को उघडून पॉइंटचा गॅप पाहिला, प्लगच्या वायरी क्रमाने आहेत का ते पाहिलं. पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२. दोन वायरींची अदलाबदल झाली तरी इंजिन असंच नाचतं, आणि ते फुकटात दुरुस्त होतं. म्हणून स्वस्त कारणं आधी.

इथे सगळं ठीक होतं. मग एकेक सिलेंडर बंद करून पाहिला. इंजिन बंद करायचं, एका प्लगची वायर काढून तिच्या टोपीत जुना प्लग घालायचा, तो इंजिनाच्या लोखंडाला नीट टेकवून अडकवायचा आणि मग स्टार्ट करायचं. चालू इंजिनावर हाताने वायर ओढू नका, झटका जोरदार बसतो, आणि लोंबकळत्या वायरीने कॉइलही खराब होऊ शकते. एक, दोन आणि चार नंबरला असं केलं की इंजिन आणखी ढेपाळायचं. तीन नंबरला केलं, काही फरकच नाही! म्हणजे तीन नंबर आधीपासूनच झोपलेला होता.

पायरी दुसरी : गेज लावणं, आणि माझा गोंधळ

कॉम्प्रेशन गेज मी ऑनलाइन मागवून सोबत आणलं होतं, हजार-बाराशेचं. प्लगच्या जागी बसवायचं, सेल्फ मारायचा, काटा किती चढतो ते वाचायचं. सोपं वाटतं ना?

माझे पहिले आकडे, पीएसआयमध्ये : ८८, ९०, ५२, ८६.

अशा जुन्या पेट्रोल इंजिनात साधारण १२० ते १५० यायला हवेत. म्हणजे चारही गेलेले! मोठे बाबा बाजूला खुर्ची टाकून बसले होते. काही बोलले नाहीत, उठून घरात गेले.

मिस्त्रींनी मला विचारलं, "पाय कुठं होता तुझा?" माझा पाय कुठेच नव्हता. ॲक्सिलरेटर दाबलाच नव्हता. कार्बोरेटरची झडप बंद, मग आत हवा येणार कुठून आणि दाबली काय जाणार? वरून बॅटरी अर्धमेली, सेल्फ कण्हत फिरत होता. मीटर चुकीचं लावून मी पेशंटला मृत घोषित केलं होतं.

म्हणून टेस्टची पद्धत नीट लिहून घ्या.

इंजिन गरम हवं, थोडं चालवून आणलेलं. बॅटरी पूर्ण चार्ज, आम्ही दुसऱ्या बॅटरीची केबल जोडली. चारही प्लग बाहेर, एकच काढून चालणार नाही. कॉइलला इग्निशनकडून येणारी बारीक वायर काढून ठेवायची, म्हणजे ठिणगी पडणार नाही. प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर पडते, तेव्हा बिडी-सिगारेट लांब. चोक पूर्ण उघडा. ॲक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबून धरायचा, पंप केल्यासारखा मारत बसायचं नाही, नाहीतर पेट्रोल आत जाऊन बोअरवरचं ऑइल धुऊन काढतं. आणि प्रत्येक सिलेंडरला सारखेच दाब मोजायचे, पाच किंवा सहा.

दुसऱ्यांदा आलेले आकडे : १२८, १२६, ७६, १२४.

बघा, गोष्टच बदलली. तीन सिलेंडर चाळीस वर्षांच्या मानाने ठणठणीत. एकच आजारी.

आकडे वाचायचे कसे?

एकटा आकडा फार बोलत नाही. गेज स्वस्तातलं असेल तर पाच-दहा इकडेतिकडे होतंच. बघायचा तो आपसातला फरक. सर्वसाधारण नियम असा की सगळ्यात कमी आकडा हा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली नसावा. आमच्याकडे १२८ चे ७५ टक्के म्हणजे ९६. तीन नंबर ७६ वर. नापास.

चारही सारखेच कमी आले तर? आधी स्वतःवर संशय घ्या : ॲक्सिलरेटर, बॅटरी, थंड इंजिन. ते सगळं बरोबर असेल तर मग टायमिंग चेन किंवा चारही बोअरची झीज. शेजारचे दोनच कमी आले, समजा दोन आणि तीन, तर त्यांच्या मधलं गॅस्केट फाटल्याचा संशय. आणि एकच कमी आला तर रिंग किंवा व्हॉल्व्ह.

आणखी एक, काटा चढतो कसा तेही बघा. पहिल्या दाबाला कमी आणि मग हळूहळू चढत गेला तर बोट रिंगांकडे. पहिल्या दाबाला कमी आणि पुढेही फारसा चढलाच नाही तर व्हॉल्व्हकडे. आमचा चढत नव्हता.

पायरी तिसरी : एक चमचा ऑइल

ही टेस्ट मला सगळ्यात आवडली. आजारी सिलेंडरमध्ये प्लगच्या भोकातून एक छोटा चमचा इंजिन ऑइल टाकायचं, एकदोनदा सेल्फ मारून ते पसरवायचं आणि पुन्हा मोजायचं. ऑइल पिस्टनच्या कडेने बसतं आणि रिंगांच्या फटी तेवढ्यापुरत्या बुजवतं. व्हॉल्व्ह वर असतात, त्यांना या ऑइलचा काही उपयोग नाही. म्हणजे आकडा एकदम उसळला तर चोर रिंगा. हलला नाही तर चोर वर बसलाय.

आमचा ७६ चा झाला ८१. जवळपास जिथल्या तिथे.

म्हणजे रिंगा नाहीत! साठ हजारांचं काम ज्या रिंगांसाठी सांगितलं होतं, त्या शाबूत होत्या.

मग तो निळा धूर? मिस्त्रींनी मोठ्या बाबांनाच विचारलं, "धूर कधी निघते?" फक्त सकाळी पहिल्यांदा चालू करताना, नंतर नाही. रात्रभर उभ्या गाडीत झिजलेल्या व्हॉल्व्ह गाईडमधून थोडं ऑइल खाली ठिबकतं, सकाळी ते जळतं. रिंगांचा धूर असा एका मिनिटात संपत नाही, तो चढावर, रेस केल्यावर, दिवसभर निघतो. धूर दिसला एवढं पुरेसं नाही, तो कधी दिसला हे विचारायला हवं.

पायरी चौथी : गप्प बसलेला टॅपेट

इंजिन थंड झाल्यावर मिस्त्रींनी वरचं कव्हर काढलं आणि फीलर गेजने टॅपेटचा गॅप बघितला. सगळीकडे पात गेलं. तीन नंबरच्या एक्झॉस्टला सगळ्यात पातळ पातसुद्धा जाईना. गॅप शून्य.

याचा अर्थ समजून घ्या. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात केसाएवढी जागा मुद्दाम ठेवलेली असते, कारण गरम झाल्यावर धातू वाढतो. ती जागाच नसेल तर रॉकर व्हॉल्व्हला कायम थोडा दाबून ठेवतो. दार पूर्ण लागतच नाही. त्या फटीतून कॉम्प्रेशन निसटतं. त्याहून वाईट म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकल्यावरच सोडतो. टेकलाच नाही तर तापत राहतो आणि कडेने जळतो.

मोठ्या बाबांना तेव्हा आठवलं. वर्षभरापूर्वी टॅपेट कटकट वाजतात म्हणून त्यांनी एका ठिकाणी ते "सायलेंट" करून घेतले होते. मिस्त्री म्हणाले, "वाजते तो टॅपेट बरा. गप्प बसला का समज जळून राहिला." हे वाक्य मी फोनमध्ये लिहून ठेवलंय. जुन्या इंजिनात सीट झिजते तसा व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप आपोआप कमी होत जातो. मुळात कमी ठेवला असेल तर लवकरच शून्य. त्यात पूर्वी पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या सीटला झिजण्यापासून वाचवायचं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेरहित पेट्रोल आलं. हवेसाठी उत्तमच झालं, पण जुन्या बांधणीच्या इंजिनांत टॅपेट जास्त वेळा तपासावे लागतात.

मॅन्युअलप्रमाणे गॅप लावला. पुन्हा मोजलं : ९४. सुधारणा आहे, पण पास नाही. म्हणजे व्हॉल्व्हची कड आधीच जळली असावी. नुसत्या अंदाजावर हेड उघडायचं नव्हतं, म्हणून शेवटची टेस्ट.

पायरी पाचवी : कान लावून ऐका

पंक्चरवाल्याकडून कॉम्प्रेसर आणला. एका जुन्या प्लगचं आतलं चिनीमातीचं काढून मिस्त्रींनी त्याला हवेचा निपल जोडला होता, कितीतरी वर्षांपूर्वी बनवलेला जुगाड. तीन नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा. डेल्कोतला रोटर तीन नंबरच्या वायरीकडे तोंड करतो, त्यावरून कळतं. गाडी टॉप गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना विटा. आणि हँडलने इंजिन फिरवलं असेल तर हवा सोडण्याआधी हँडल बाहेर काढा. हवेच्या दाबाने पिस्टन खाली गेला तर ते हँडल मनगट मोडेल.

मग हवा सोडायची आणि ऐकायचं. कार्बोरेटरमधून फुस्स आलं तर इनलेट व्हॉल्व्ह. सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट. ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आलं तर रिंगा, थोडंसं मात्र चांगल्या इंजिनातही येतं. रेडिएटरमध्ये बुडबुडे किंवा शेजारच्या प्लगच्या भोकातून हवा आली तर गॅस्केट.

मी मागे जाऊन सायलेन्सरला कान लावला. स्पष्ट फुस्स्स. मी मोठ्या बाबांना बोलावलं. त्यांनीही वाकून कान लावला, सरळ झाले आणि खिशातून फोन काढून भंगारवाल्याला सांगितलं, "उद्या नको येऊ बाप्पा."

हेड उघडल्यावर

पुढच्या आठवड्यात हेड उघडलं. मी पुण्याला, व्हिडिओ कॉलवर. तीन नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका ठिकाणी खाल्लेली होती, बिस्किटाचा तुकडा मोडावा तशी. तो व्हॉल्व्ह नवा टाकला, बाकीचे पेस्ट लावून सीटवर घासून बसवले, गाईड बदलले, नवं हेड गॅस्केट. हेड उलटं ठेवून व्हॉल्व्हवर पेट्रोल ओतून पाहिलं, खाली झिरपत नाही म्हणजे बसले. सगळं मिळून आधी सांगितलेल्या रकमेच्या पाचव्या हिश्श्यात झालं. नवे आकडे : १३०, १२८, १२७, १२८.

संपलं? नाही ना! फोन आला, "रस्त्यावर झकास चालते, पण उभी राहिली का अजून थरथरते."

इथे मला जुनी सवय नडली असती. बग फिक्स केला, तरी एरर येतेय, म्हणजे फिक्सच चुकीचा, असं वाटतं. पण कॉम्प्रेशन आता मोजलेलं होतं, त्यामुळे तिकडे परत जायचं कारण नव्हतं. दुसरा, वेगळा बिघाड होता. मी म्हटलं, चोक अर्धा ओढून बघा. ओढला, इंजिन शांत! चोक ओढला की हवा कमी, पेट्रोल जास्त. त्याने बरं वाटतं म्हणजे आधी हवा जास्त होत होती, कुठून तरी फुकटची हवा आत शिरत होती. मिस्त्रींनी चालू इंजिनावर कार्बोरेटरच्या बुडाशी थोडं साबणाचं पाणी टाकलं, आवाज लगेच बदलला. बुडाखालचं पॅकिंग तडकलं होतं. वेगात इंजिन भरपूर हवा ओढतं, तेव्हा ती गळती जाणवत नाही. उभ्या गाडीत जाणवते.

त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण आणखी पातळ पडतं. शिवाय ते जुनं रबर फुगवतं आणि पाणी धरून ठेवतं. म्हणून पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदलून टाकले. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी भरून ठेवू नका.

जाता जाता

तुमच्या घरी पद्मिनी नसेल, पण आजोबांची बजाज असेल, जुनी पेट्रोल जीप असेल. क्रम तोच. आधी प्लग आणि पॉइंट. मग कोणता सिलेंडर झोपलाय ते. मग नीट पद्धतीने गेज. मग चमचाभर ऑइल. मग टॅपेट. मग हवा आणि कान. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलल्यावर परत मोजा. आकडे वहीत लिहा, पुढच्या वर्षी तुलनेला लागतात. आणि कोणी म्हणालं इंजिन गेलं, तर भांडू नका, फक्त विचारा : आकडा किती आला, आणि ऑइल टाकल्यावर किती झाला?

आरसी पाच वर्षांसाठी नवी झाली. दिवाळीत मी गेलो तेव्हा मोठे बाबा स्टेशनवर घ्यायला आले होते, गोंदियाला, पद्मिनी घेऊन. गाडी उभी होती, चालू होती, आणि टॅपेट हलकेच वाजत होते. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "वाजू दे. गॅप हाये."

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, मोजा आणि मगच उघडा!